पचनज व्रण : तिखट, चिंता आणि दूध यांविषयीचे समज

प्रस्तावना :
पोटात जळजळ सुरू झाली की आपल्याकडे रोगनिदान बहुधा घरातच होते. तिखट बंद करा, जिवाला लावून घेऊ नका, थंड दूध घ्या, हा सल्ला देण्यासाठी कोणालाही वैद्यकाची पदवी लागत नाही. घाई, काळजी आणि तिखट कालवण या तिहींना जोडणारे ‘हरी, वरी, करी’ हे इंग्रजी यमक तर डॉक्टरांच्याही तोंडी होते. प्रस्तुत लेखात पचनज व्रण, म्हणजे बोलीतील ‘अल्सर’, या एकाच विकाराच्या संदर्भात अशा समजांचा विचार केला आहे. पचनाविषयीचे बरेच गैरसमज या विकाराभोवती एकवटले आहेत आणि त्यांना छेद देणारा पुरावाही येथे पुरेसा स्पष्ट आहे.

प्रथम संज्ञेचा घोळ लक्षात घ्यावा लागेल. ‘पित्त झाले’ किंवा ‘ॲसिडिटी झाली’ असे म्हणताना आपण किमान तीन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली आणतो : जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येणे, कोणतीही जखम नसताना होणारे अपचन, आणि जठराच्या किंवा ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, अस्तराला पडलेला खरा व्रण. जुन्या वैद्यांनी भाषेची एवढी काटकसर केली नव्हती. माधवनिदानात आम्लपित्ताचे वर्णन स्वतंत्र आहे आणि अन्न पचत असताना उठणाऱ्या पोटदुखीला ‘परिणामशूल’ असे वेगळे नाव आहे. ग्रहणीतील व्रणाची वेदनाही पुष्कळदा जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री रिकाम्या पोटी सुरू होते व चार घास खाल्ल्यावर शमते. तथापि केवळ लक्षणांवरून व्रण आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपीने, तपासणी करावी लागते.

आम्लाचा सिद्धांत :
जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल हा दोष नसून पचनाचे व जंतुनाशाचे साधन आहे. श्लेष्माचा थर आणि त्यातील बायकार्बोनेट यांमुळे जठर स्वतःच्या आम्लापासून सुरक्षित राहते. 1910 मध्ये कार्ल श्वार्झ या शल्यचिकित्सकाने ‘आम्ल नाही तर व्रण नाही’ असे सूत्र मांडले. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. संरक्षक थर मुळात का कोसळतो, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. परिणामी पुढील सात दशके उपचार आम्लाभोवतीच फिरत राहिले. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी 1915 मध्ये तासातासाला दूध, साय आणि अल्कधर्मी चूर्ण देण्याची पद्धत रूढ केली. जठराचा भाग कापून टाकणाऱ्या शस्त्रक्रियाही होत असत. 1970 च्या दशकात सिमेटिडिन हे प्रभावी औषध आले. व्रण भरू लागले, पण औषध थांबवले की बहुतेकांत ते पुन्हा उद्भवत. जो आजार भरून येतो आणि परततो, त्याचे मूळ अन्यत्र असले पाहिजे, ही शंका तेव्हाच यावयास हवी होती. आली ती फार थोड्यांना.

पर्थ येथील संशोधन :
ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना 1979 मध्ये जठराच्या ऊतकाच्या तुकड्यांत वक्राकार जीवाणू दिसले. इतक्या तीव्र आम्लात जीवाणू जगूच शकत नाहीत, अशी त्या काळची पक्की धारणा होती. 1981 मध्ये तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जीवाणूंची वाढ करण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की थाळ्या टाकून दिल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत थाळ्या इन्क्युबेटरमध्ये नेहमीपेक्षा अधिक काळ राहिल्या आणि वसाहती दिसल्या. जीवाणू होता, घाई प्रयोगशाळेची होती. हाच पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखला गेला. युरिएज या विकराच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया तयार करतो व स्वतःभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो.

तज्ज्ञांचा विश्वास बसेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जीवाणूंचा संवर्ध स्वतःच प्राशन केला. त्यांना व्रण झाला असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. त्यांना मळमळ, उलट्या व जठराचा दाह झाला. या प्रयोगातून जीवाणू निरोगी जठराला आजारी करतो हे दिसले. व्रणाशी असलेले कार्यकारण नाते सिद्ध झाले ते पुढील उपचार-चाचण्यांतून : प्रतिजैविकांनी जीवाणू नष्ट केल्यास व्रणाचे परतणे बहुतांशी थांबते. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जीवाणू मानवात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आणि 2005 चे नोबेल पारितोषिक वॉरन व मार्शल यांना मिळाले.

तिखट, दूध आणि मन :
तिखटावरील आरोपाची तपासणी भारतातच झालेली आहे. 1984 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दिल्लीच्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रहणीव्रणाच्या 50 रुग्णांपैकी निम्म्यांना आम्लनाशकासोबत रोज 3 ग्रॅम लाल तिखट देण्यात आले, निम्म्यांना तिखट वर्ज्य होते. चार आठवड्यांनंतर दोन्ही गटांत व्रण भरण्याचे प्रमाण सारखेच आढळले. मग जळजळ होते ती कशाने? मिरचीतील कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते. भाजल्याची संवेदना होते, भाजलेले काही नसते. ज्याला तिखट सोसत नाही त्याने ते अवश्य टाळावे, मात्र त्याने व्रण टळतो असे मानू नये.

दुधाची बाजू याहून लंगडी आहे. घेतल्यावर काही वेळ बरे वाटते, परंतु त्यातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे नंतर आम्लाचा स्राव वाढतो. 1986 मध्ये दिल्लीतूनच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना सिमेटिडिन देऊनही, केवळ दुधावर ठेवलेल्या गटात व्रण भरलेल्यांचे प्रमाण नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा कमी होते.

मनाविषयी मात्र सरसकट नकार देता येत नाही. 1940-41 मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना व्रण फुटल्याचे रुग्ण वाढल्याची नोंद आहे. ताण भर घालतो, हे मान्य करावे लागते. परंतु संसर्ग असलेल्या रुग्णाला ‘स्वभाव बदला’ एवढेच सांगून परत पाठवणे म्हणजे त्याच्या आजाराचा दोष त्याच्यावरच टाकणे होय.

तपासणी आणि वेदनाशामके :
भारतात हा संसर्ग अतिशय व्यापक आहे. तो बहुधा बालपणीच होतो, आणि बहुसंख्य व्यक्तींना आयुष्यभर व्रण होत नाही. म्हणून जीवाणू सापडला की व्रण आहेच, असा उलट गैरसमजही नको. श्वासाची युरिया चाचणी, मलातील प्रतिजनाची चाचणी किंवा ऊतकाची तपासणी यांतून सध्याचा संसर्ग कळतो. रक्तातील प्रतिद्रव्ये जुना व चालू संसर्ग यांत फरक करू शकत नाहीत. ओमेप्राझोलसारख्या गोळ्या सुरू असल्यास श्वासाची व मलाची चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, हे बऱ्याच रुग्णांना ठाऊक नसते. प्रतिजैविके अर्धवट सोडल्यास जीवाणू प्रतिकारक्षम होतात. मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत ही अडचण भारतात मोठी आहे.

दुसरे प्रमुख कारण आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात असते. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीविना आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मिती रोखतात. वेदना कमी होते ती यामुळेच, आणि जठराचे संरक्षक आवरण दुर्बळ होते तेही यामुळेच. ‘जेवणानंतर घेतली, आता भीती नाही’ हा समज अतिशय घातक आहे. हा परिणाम रक्तावाटे होतो. तेच औषध इंजेक्शनने घेतले तरी तो टळत नाही. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिनची लहान मात्राही याला अपवाद नाही. ती परस्पर थांबवू नये, पण पूर्वी व्रण झाला असल्यास डॉक्टरांना सांगावे. वृद्धांमध्ये तर वेदनाशामकामुळे पोटातील दुखणे झाकले जाऊ शकते आणि व्रणाची पहिली खूण कित्येकदा रक्तस्राव हीच असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो. परंतु शौच डांबरासारखे काळे, चिकट व उग्र वासाचे असेल, सोबत घेरी किंवा अशक्तपणा असेल, तर दुधाचा पेला पुढे न करता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.