चिपाडापासून पापुद्रा



उसाचा रस काढून घेतल्यावर जे उरते, त्या चिपाडाचा विचार गुऱ्हाळाच्या चुलाणापलीकडे आपण सहसा करीत नाही. शंभर टन ऊस गाळला म्हणजे अदमासे ३० टन ओले चिपाड उरते. बेळगाव-कोल्हापूरकडील साखर कारखाने ते जाळून वाफ आणि वीज निर्माण करतात. याच चिपाडातून खाद्यपदार्थ गुंडाळण्याजोगा पातळ पापुद्रा कसा तयार होतो, ते आज पाहू.

वनस्पतीच्या देहाचा सांगाडा सेल्युलोज या द्रव्याचा असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी ते १८३८ साली वेगळे करून दाखविले. ग्लुकोजचे असंख्य रेणू साखळीतील कड्यांप्रमाणे जोडले जाऊन ते बनते. अशा दीर्घ साखळीच्या द्रव्यास बहुवारिक म्हणतात. प्लॅस्टिकही बहुवारिकच होय. परंतु सेल्युलोजची साखळी तोडणे मातीतील सूक्ष्म जंतूंना सहज साधते, पॉलिथीनपुढे मात्र ते हतबल ठरतात. म्हणूनच पॉलिथीनची पिशवी उकिरड्यावर वर्षानुवर्षे पडून राहते आणि गाईगुरांच्या पोटात जाऊन त्यांच्या जिवावर उठते.

वाळलेल्या चिपाडात सेल्युलोजचे प्रमाण शेकडा ४० ते ४५ च्या आसपास असते. उरलेल्या भागात हेमिसेल्युलोज व लिग्निन ही द्रव्ये प्रमुख. चिपाड कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात शिजविले असता या दोहोंचा बराचसा अंश विरघळून निघून जातो. मागे राहिलेला लगदा धुवून, हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळून, यंत्राने दळीत गेले म्हणजे केसाहून हजारो पटींनी बारीक तंतू मिळतात. त्यांस नॅनोसेल्युलोज हे नाव आहे. माटुंग्यास १९२४ साली स्थापन झालेल्या व आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेने कापसाच्या तंतूंपासून असे नॅनोसेल्युलोज तयार केले आहे.

आता तांदळाच्या कणीतील स्टार्च पाण्यात शिजवून त्याची खळ करावयाची, लवचिकपणासाठी तीत थोडे ग्लिसरीन घालावयाचे, हे तंतू मिसळावयाचे आणि मिश्रण काचेवर पातळ पसरून वाळवावयाचे. पाणी उडून गेले की पापुद्रा सुटा होतो. नुसत्या खळीचा पापुद्रा लवकर फाटतो. तंतूंमुळे त्यास बळकटी येते. भिंतीच्या मातीत भुसा का मिसळतात हे ज्याने पाहिले आहे, त्यास संमिश्र द्रव्याचे हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. थोडे लिग्निन मुद्दाम राखले तर पापुद्र्यास तपकिरी छटा येते. परंतु ते अतिनील किरण शोषून घेत असल्याने आतील तेलकट पदार्थ खवट होण्यास विलंब लागतो.

मात्र हुरळून जाण्याचे कारण नाही. खळीचा पापुद्रा दमट हवेत ओलावा धरून मऊ पडतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ही अडचण लहान नव्हे. शिजवणीतील क्षारयुक्त पाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडले तर एका प्रदूषणाच्या जागी दुसरे येईल. शिवाय 'वनस्पतीजन्य' या शब्दावरही विसंबून चालत नाही. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पिशव्या वनस्पतीजन्य असूनही त्या लवकर कुजण्यास सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेचे खत-कारखाने लागतात. शेताच्या बांधावर त्या दीर्घकाळ तशाच राहतात.

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशात बंदी आहे. पर्यायाची निकड त्यामुळे वाढली, तरी शेतातील प्रत्येक काडी कारखान्याकडे धाडणे शहाणपणाचे नाही. उसाचे पाचट सरीत कुजविले तर जमिनीचा कस वाढतो व ओल टिकते. ते जमिनीलाच द्यावे. चिपाडाचेही जळण म्हणून मोल आहेच. ते वजा जाता जे शिल्लक राहील, त्याचाच पापुद्रा करावा, आणि त्या शिल्लकीच्या किमतीत ऊस पिकविणाऱ्याचा वाटा आधीच ठरवून ठेवावा.