भिलाई : क्वार्टरच्या पलीकडचे शहर

हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गाने पश्चिमेकडे येताना रायपूर मागे पडले की दुर्गच्या अलीकडे भिलाई लागते. रुळांच्या दक्षिणेस पोलाद कारखाना आणि त्याच्या आश्रयाने वसलेले आखीव सेक्टर आहेत. सरळ व रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडे, ठरावीक नमुन्याची घरे, हाकेच्या अंतरावर शाळा आणि बाजार. उत्तरेस राष्ट्रीय महामार्गाच्या पलीकडे सुपेला, कॅम्प, वैशालीनगर या दाट वस्त्या पसरल्या आहेत. तेथील रस्ते घरांच्या नंतर आले, गटारे रस्त्यांच्या नंतर आणि नळ त्याहूनही नंतर. एकाच शहराच्या या दोन भागांत फार अंतर नाही. मात्र हा फरक केवळ श्रीमंत आणि गरीब वस्तीचा नाही. नगराचा आराखडा तयार करताना ‘घर कोणाला द्यायचे’ या प्रश्नाला जे उत्तर दिले गेले, त्याचा तो परिणाम आहे.

दुसरी योजना आणि नवे नगर

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील सार्वजनिक क्षेत्राच्या तीन पोलाद प्रकल्पांपैकी राउरकेला पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूर ब्रिटनच्या आणि भिलाई सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारण्यात आला. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. हा प्रकल्प आपल्या राज्यात यावा यासाठी मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी आग्रह धरला होता. स्थाननिश्चितीची कारणे भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात शोभावीत अशी आहेत : सुमारे नव्वद किलोमीटरवर दल्ली-राजहराचे लोहखनिज, जवळच नंदिनीचा चुनखडक, तांदुला जलाशयाचे पाणी आणि दाराशी लोहमार्ग. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढे क्षमता १९६७ मध्ये २५ लाख टन व १९८८ मध्ये ४० लाख टन झाली.

कारखान्याला हजारो कुशल कामगार हवे होते. ते देशाच्या सर्व भागांतून येणार होते आणि तीन पाळ्यांत काम करणार होते. त्यांना सामावून घेईल असे मोठे शहर आसपास नव्हते. दुर्ग हे जिल्ह्याचे ठिकाण असले तरी लहानच होते. त्यामुळे कामगारांसाठी घर, रुग्णालय आणि शाळा उभारणे हा झोतभट्टी उभारण्याइतकाच प्रकल्पाचा अविभाज्य भाग ठरला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर घर ही येथे उपभोग्य वस्तू नव्हती, ते उत्पादनाचे एक साधन होते आणि त्याचा खर्च पोलादाच्या उत्पादनखर्चात मिळून जात होता. घरभाडे, पाणी, वीज यांसाठी कामगाराच्या वेतनातून नाममात्र रक्कम कापली जाई. नागरी सुविधेचा खरा खर्च किती, हे त्यामुळे वापरणाऱ्याला कधी समजलेच नाही. पुढे याच शहरात मालमत्ता कर व पाणीपट्टी यांविषयी जी नाराजी दिसून आली, तिचे एक मूळ या सुखद अज्ञानात आहे.

एका रोजगारामागे किती माणसे?

नागरी अर्थशास्त्रात ‘आर्थिक पाया’ नावाची संकल्पना वापरली जाते. शहराबाहेर माल विकून पैसा आणणारे व्यवसाय हे पायाभूत आणि शहरातल्याच लोकांच्या गरजा भागविणारे व्यवसाय हे पूरक मानले जातात. पायाभूत क्षेत्रातील एका रोजगारामुळे पूरक क्षेत्रात काही रोजगार निर्माण होतात. पोलाद कारखान्यातील कामगाराला दूधवाला, शिंपी, सायकल दुरुस्त करणारा, घर रंगवणारा आणि भाजीविक्रेता लागतो. या सर्वांना राहण्यासाठी जागाही लागते. भिलाईच्या आराखड्यात पहिल्या गटाची घरे होती, दुसऱ्या गटाची नव्हती. बांधकामासाठी आणलेले मजूर काम संपल्यावर परत जातील असे धरले गेले होते. त्यांच्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या छावण्यांची आठवण कॅम्प-१ व कॅम्प-२ ही नावे अजूनही देतात. ज्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, तेथील अनेक कुटुंबेही याच दुसऱ्या गटात गेली. सुपेला, खुर्सीपार, रिसाली, मरोदा, रुआबांधा ही मुळात गावांची नावे आहेत.

या संदर्भात एक साधा हिशेब उपयोगी पडेल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, खाणी धरून, या प्रकल्पाच्या कायम कामगारांची संख्या साठ हजारांच्या पुढे होती. प्रत्येक कुटुंबात पाच माणसे धरली तरी ही लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास जाते. १९९१च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर नागरी संकुलाची लोकसंख्या सात लाखांच्या जरा खाली होती. दुर्गची मूळ लोकसंख्या वजा केली तरी कारखान्याच्या हजेरीपटाबाहेरील माणसांची संख्या फार मोठी उरते. कारखाना ऐन भरात असतानाही हे शहर केवळ कारखान्याच्या कामगारांचे नव्हते.

त्यानंतरचे आकडे अधिक बोलके आहेत. नागरी संकुलाची लोकसंख्या २००१ मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास आणि २०११ मध्ये सुमारे १० लाख ६४ हजार होती. म्हणजे दशकातील वाढ जेमतेम १५ टक्के. त्याच दशकात छत्तीसगढची एकूण नागरी लोकसंख्या सुमारे ४२ लाखांवरून ५९ लाखांवर गेली. रायपूर नागरी संकुल सात लाखांवरून सव्वाअकरा लाखांच्या घरात पोहोचले. २००१ पर्यंत दुर्ग-भिलाई हे राज्यातील सर्वांत मोठे नागरी संकुल होते. २०११ मध्ये तो मान रायपूरकडे गेला. १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य झाले आणि राजधानीच्या रोजगाराने वाढीची दिशा वळवली.

वाढ मंदावली म्हणजे पायाभूत सुविधांवरील ताण कमी झाला, असा निष्कर्ष परीक्षार्थी अनेकदा काढतात. तो चुकीचा आहे. लोकसंख्यावाढीचा दर हा प्रवाह आहे, तर सुविधांची तूट हा साठा आहे. चाळीस वर्षे ज्या वस्त्यांत गटारे झाली नाहीत, तेथे पुढील दहा वर्षांत एकही नवे कुटुंब आले नाही तरी गटारांची गरज आहे तेवढीच राहते. शिवाय कुटुंबांची संख्या लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढते, कारण मुले मोठी होऊन वेगळे घर मांडतात. घरांची मागणी माणसांवर नव्हे, कुटुंबांवर अवलंबून असते.

जमीन एकाची, सेवा दुसऱ्याची

भिलाईच्या प्रशासनाचा इतिहास स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. आरंभी सेक्टरांची सर्व व्यवस्था कारखान्याच्या नगर सेवा विभागाकडे होती. सेक्टरांबाहेरील भागासाठी १९७३च्या मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियमान्वये विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘साडा’, काम पाहू लागले. निवडून आलेली महानगरपालिका १९९८ नंतरची आहे. पोलाद उत्पादनाला सुरुवात झाल्यापासून चाळीस वर्षांनी शहराला लोकनियुक्त महानगरपालिका मिळाली.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-थ मध्ये औद्योगिक नगरीची तरतूद आहे. एखादा उद्योग नागरी सेवा पुरवीत असेल तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी म्हणून घोषित करू शकतात व तेथे नगरपालिका स्थापन करणे बंधनकारक राहत नाही. भिलाईने तो मार्ग घेतला नाही. सेक्टर महानगरपालिकेच्या हद्दीत आले, त्यांचे नगरसेवक निवडले जाऊ लागले. मात्र तेथील देखभालीचा मोठा भाग कारखान्याकडेच राहिला. टाउनशिपमधील विजेचे वितरणही कारखाना स्वतः परवानाधारक म्हणून करतो आणि त्याचे दर राज्य विद्युत नियामक आयोग ठरवितो.

सार्वजनिक उपक्रमाच्या मालमत्तेवर स्थानिक संस्था कर बसवू शकते काय, हा प्रश्न येथे स्वाभाविकच उद्भवतो. अनुच्छेद २८५ केंद्राच्या मालमत्तेला राज्याच्या करांतून सूट देतो. परंतु शासकीय कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असून तिची मालमत्ता म्हणजे केंद्राची मालमत्ता नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न कोलफील्ड्स विरुद्ध विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण, कोरबा या खटल्यात दिला. म्हणजे छत्तीसगढमधील शेजारच्याच औद्योगिक क्षेत्रातून हा देशभर लागू होणारा नियम आला. कर द्यावा लागतो हे त्यातून निश्चित झाले. सेवा स्वतःच पुरविणाऱ्याने किती कर द्यावा, हा वादाचा भाग मात्र उरतो.

झोपडपट्ट्यांची गुंतागुंत याहून अवघड आहे. मध्य प्रदेशच्या १९८४च्या कायद्याने शहरी भूमिहीनांना ताब्यातील जागेचा पट्टा देण्याची सोय केली, पण ती प्रामुख्याने शासकीय जमिनीपुरती. भिलाईत अनेक वस्त्यांखालील जमीन कारखान्यासाठी संपादित झालेली. जमीन केंद्रीय उपक्रमाची, रहिवासी राज्याचा मतदार आणि कचरा महानगरपालिकेचा, अशी ही तिहेरी स्थिती आहे. पंतप्रधान आवास योजनेतील स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा घटक छत्तीसगढमध्ये ‘मोर जमीन, मोर मकान’ या नावाने ओळखला जातो. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याला या नावाचा पहिला अर्धा भागच आडवा येतो.

व्हायला येथील अनुभव

दक्षिण ऑस्ट्रेलियातील व्हायला हे पोलादनगर भिलाईच्या तुलनेत फारच लहान, तरीही येथे उल्लेखनीय आहे. बीएचपी कंपनीने वसविलेल्या या गावाचा कारभार १९४५ पासून एका आयोगाकडे देण्यात आला. त्यात कंपनीचे आणि करदात्यांचे प्रतिनिधी समसमान व अध्यक्ष शासननियुक्त होता. पूर्ण स्थानिक स्वराज्य १९७० मध्ये आले. तेथील घरांचा मोठा हिस्सा कंपनीने नव्हे, तर राज्याच्या गृहनिर्माण न्यासाने बांधला. १९७०च्या दशकात लोकसंख्या तेहतीस हजारांच्या आसपास गेली. १९७८ मध्ये जहाजबांधणी बंद पडली आणि ती उतरत जाऊन बावीस हजारांच्या आसपास स्थिरावली. तेथे प्रश्न रिकाम्या घरांचा झाला. घर नोकरीला बांधलेले नसल्याने नोकरी गेलेल्या कुटुंबाचे छप्पर मात्र त्याच दिवशी गेले नाही.

पोलाद वाढले, कामगार घटले

भिलाईत कारखाना बंद पडला नाही; उलट कच्च्या पोलादाची क्षमता ७० लाख टनांपर्यंत नेणाऱ्या विस्तारीकरणाचे लोकार्पण १४ जून २०१८ रोजी झाले. कायम कामगारांची संख्या मात्र २०१०च्या सुमारास निम्म्यावर आली होती आणि पुढेही घटत राहिली. तंत्रज्ञान बदलले, स्वेच्छानिवृत्ती योजना आल्या, अनेक कामे कंत्राटदारांकडे गेली. कंत्राटी कामगाराला बहुधा क्वार्टर मिळत नाही. त्यामुळे जुन्या सेक्टरांत घरे ओस पडणे आणि बाहेरच्या वस्त्यांत खोल्या भाड्याने न मिळणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात.

निवृत्त होणाऱ्या कामगाराला क्वार्टर सोडावे लागते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची रक्कम हाती येते आणि तीस वर्षे भिलाईत राहिलेले कुटुंब केरळ किंवा विदर्भातील मूळ गावी परतण्यास राजी नसते. नेहरूनगर, स्मृतिनगर, जुनवानी, रिसाली या भागांतील भूखंड व बंगल्यांच्या मागणीमागे ही निवृत्तीची पुंजी मोठ्या प्रमाणावर आहे. २०००च्या दशकाच्या आरंभी काही क्वार्टर कामगारांना व निवृत्तांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली, ती याच गरजेतून. शिक्षण हा शहराचा दुसरा आर्थिक पाया बनू पाहत आहे. येथे तंत्रशिक्षणाचे राज्य विद्यापीठ आहे, प्रवेशपरीक्षांचे वर्ग आहेत आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या कुटेलाभाठा येथील कायम परिसराचे लोकार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले.

साठवलेले पाणी

२०१८च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि अनेकांचा बळी गेला. खुर्सीपारसारख्या दाट वस्त्यांना तिची झळ विशेष बसली. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ज्या घरी नळ दिवसातून थोडाच वेळ येतो, तेथे पिंप आणि टाक्या भरून ठेवण्याखेरीज इलाज नसतो. पाणीपुरवठ्याची वेळ हा अशा रीतीने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होतो. शिवनाथ नदीचे पाणी वस्त्यांपर्यंत नेण्याच्या योजना आणि २०१५ पासूनचे अमृत अभियान यांचा हेतू नळजोडण्या वाढविण्याचा आहे. परंतु जोडणी असणे आणि नळाला सदैव दाब असणे यांतील फरक सांख्यिकीत सहसा दिसत नाही. डास तोडणाऱ्या घराला तो ठाऊक असतो.

चार महानगरपालिका, एक शहर

भिलाईचा काही भाग वेगळा करून रिसाली महानगरपालिका अस्तित्वात आली. तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली. दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महानगरपालिका आता सलग पसरलेल्या एकाच वस्तीचा कारभार पाहतात. जामुल व कुम्हारी या नगरपालिका वेगळ्याच. अनुच्छेद २४३-यङ प्रमाणे दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींतून निवडलेले असावेत. मात्र ते क्षेत्र राज्यपालांनी अधिसूचित करावे लागते. केवळ जनगणनेचा आकडा पुरत नाही. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगढ विधानसभेने राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचे विधेयक संमत केले. त्यात रायपूरसह दुर्ग-भिलाईचा विचार असून प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आहे. घटनेतील समिती खालून वर रचलेली आहे, प्राधिकरण वरून खाली. हा भेद उत्तरपत्रिकेत स्पष्टपणे मांडता आला पाहिजे.

२०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरविण्यात आला आहे. त्या गणनेत रिसाली प्रथमच स्वतंत्र महानगरपालिका म्हणून मोजली जाईल आणि भिलाई महानगरपालिकेची लोकसंख्या कागदोपत्री घटलेली दिसण्याचा संभव आहे. हद्दी बदललेल्या असल्याने महानगरपालिकेचा आकडा २०११शी थेट ताडून पाहता येणार नाही. तुलना करावयाची ती नागरी संकुलाची.