नाण्याने जागी होणारी यंत्रे

सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स व्हार्फ भागात, पिअर ४५ या धक्क्यावर असलेल्या ‘म्यूझे मेकॅनिक’ या संग्रहालयात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मात्र तेथील तीनशेहून अधिक यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे नाणे टाकल्यावाचून हलत नाहीत. एडवर्ड झेलिन्स्की यांनी लहानपणापासून जमवलेला हा संग्रह २००२ पर्यंत समुद्रकाठच्या क्लिफ हाउस येथे होता. पेनी आर्केड, म्हणजे एकेका नाण्यावर चालणाऱ्या करमणूक-यंत्रांची दालने, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली, आणि त्या परंपरेतील वस्तू येथे आजही वापरात आहेत.

त्यांतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेले यंत्र म्हणजे म्यूटोस्कोप. हर्मन कॅस्लर यांना १८९५ मध्ये पेटंट मिळालेल्या या यंत्रात चक्राच्या परिघावर सुमारे ८५० छायाचित्रांची कार्डे पुस्तकाच्या पानांप्रमाणे दाटीने बसवलेली असतात. हाताचा दांडा फिरवला, की प्रत्येक कार्ड क्षणभर एका अडणीला टेकून वाकते आणि सुटते, आणि भिंगातून पाहणाऱ्याला ती सुटी चित्रे सलग हालचाल वाटू लागतात. एडिसनच्या कायनेटोस्कोपमध्ये फीत विजेच्या मोटारीने एका ठरावीक वेगाने धावत असे. येथे मात्र दृश्य रेंगाळवायचे की उरकायचे, हे पाहणाऱ्याच्या मनगटावर सोपवलेले आहे, आणि प्रेक्षकाला असे स्वातंत्र्य पुढच्या चित्रपटगृहाने कधी दिले नाही.

या सर्व यंत्रांच्या मुळाशी नाण्याची पेटी असते. साध्या रचनेत नाण्याच्या भाराने तरफ कलते, खिटी सुटते आणि अडकवून ठेवलेली यंत्रणा मोकळी होते. खोटी नाणी ओळखण्यासाठी पुढे आकार, वजन आणि लोहचुंबकाची ओढ अशा कसोट्या त्याच अरुंद वाटेत बसवण्यात आल्या. भारतीय रेल्वेच्या फलाटांवर नाणे घेऊन वजन आणि भविष्य छापलेले कार्ड देणारी यंत्रेही याच कुळातली होत.

वापराने कार्डांच्या कडा झिजतात, स्प्रिंगा ढिल्या पडतात, पट्टे तुटतात. तरीही म्यूटोस्कोपचा दांडा कोणी फिरवला नाही, तर त्याची चित्रे केवळ कार्डांची चळत उरते. म्हणूनच ही यंत्रे काचेआड न ठेवता, झिजेची किंमत मोजून आणि सततची दुरुस्ती पत्करून चालू ठेवण्याचा या संग्रहालयाचा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.