कोरी व्हिस्की : समज, गैरसमज आणि लेबलावरचा मजकूर

पाणी, सोडा अथवा बर्फ यांपैकी कशाचाही आधार न घेता जी व्हिस्की प्यावयाची ती निवडताना आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ ज्या कसोट्या लावतात, म्हणजे वय किती, रंग किती गडद, किंमत किती जबर आणि बाटली विमानतळावरून आली की कोपऱ्यावरच्या दुकानातून, त्या अगदीच निराधार आहेत असे नव्हे. परंतु त्यांपैकी एकीनेही पेल्यातील द्रवाची चव सांगता येत नाही, आणि जिच्यावरून ती थोडीफार ताडता येते ती गोष्ट, म्हणजे लेबलावरचा बारीक अक्षरांतील मजकूर, बहुधा कोणी वाचीत नाही. जमिनीचे खरेदीखत चतुःसीमा तपासल्यावाचून न स्वीकारणारा माणूस येथे मात्र नुसत्या खोक्यावर भाळतो.

सर्वांत रूढ गैरसमज वयाचा. अठरा वर्षांची व्हिस्की बारा वर्षांच्या व्हिस्कीहून आपोआप श्रेष्ठ, असे आपण धरून चालतो. वस्तुतः लेबलावरचा आकडा हा व्हिस्कीने ओक लाकडाच्या पिंपात घालविलेल्या काळाचा असतो. बाटलीत उतरल्यावर तिची वाढ थांबते, सबब आजोबांच्या कपाटात तीस वर्षे पडून राहिलेली बारा वर्षांची बाटली आजही बारा वर्षांचीच आहे. शिवाय हा आकडा सरासरीचा नव्हे, तर त्या बाटलीतील सर्वांत कोवळ्या अंशाचा असतो. बारा म्हटल्यावर आत वीस वर्षांची व्हिस्की असू शकेल, पण अकरा वर्षांचा एक थेंबही चालावयाचा नाही. स्कॉच व्हिस्कीविषयी २००९ साली जे नियम ब्रिटनमध्ये अमलात आले त्यांप्रमाणे ती स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरहून मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. या मुदतीचे मूळ मोठे मौजेचे आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या मद्यपानाने ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्ज हैराण झाले होते. १९१५ च्या कायद्याने कच्च्या मद्याच्या विक्रीला जी मनाई झाली आणि प्रथम दोन, नंतर तीन वर्षांची जी अट आली, ती रसिकांच्या जिभेची काळजी म्हणून नव्हे, तर युद्धकाळात दारू कमी मिळावी म्हणून. गुणवत्तेचा दाखला म्हणून आज मिरवणारी ही अट जन्मतः निर्बंधाची होती.

वयाच्या हिशेबात हवामान धरले नाही तर सारा हिशेबच चुकतो. पिंपाच्या लाकडातून मद्य सतत उडून जात असते. या घटीला स्कॉटिश लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. त्यांच्या थंड, दमट देशात हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के असतो, आणि बंगळुरू किंवा गोव्याच्या उष्ण हवेत तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. दोनशे लिटरचे एक पिंप घेऊन ढोबळ हिशेब करावा : बारा वर्षांनंतर स्कॉटलंडमध्ये सुमारे १५७ लिटर शिल्लक राहतील, आणि आपल्याकडे जेमतेम ५६. उरलेल्या त्या ५६ लिटरांत लाकडाचा कडवट तुरटपणा इतका उतरलेला असण्याचा संभव की त्यात सातूची चव शोधावी लागेल. म्हणूनच बंगळुरूच्या अमृत आसवनीची किंवा गोव्यातील पॉल जॉनची नेहमीची बाटली वयाचा उल्लेख न करता विकली जाते; त्यात लपवाछपवी नाही, उष्ण प्रदेशातील पाच वर्षे थंड प्रदेशातील पाच वर्षांशी ताडून पाहणेच गैर आहे. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ साली आधी ग्लासगोत, म्हणजे माहेरघरीच, विक्रीस मांडली, आणि पॉल जॉन २०१२ साली लंडनमध्ये अवतरली. दोहोंना मायदेशी मान मिळाला तो परदेशातून शिक्का उमटल्यावर, ही आपली जुनी रीत येथेही चुकली नाही.

दुसरा समज असा की सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातील व्हिस्की, आणि ब्लेंडेड म्हणजे भेसळ. येथील ‘सिंगल’ पिंपाविषयी बोलत नाही, आसवनीविषयी बोलते. मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या भांड्यांत, एकाच आसवनीत गाळलेली व्हिस्की ती सिंगल माल्ट, मग ती शेकडो पिंपे एकत्र करून भरलेली असो; एकाच पिंपातील हवी असल्यास लेबलावर ‘सिंगल कास्क’ ही अक्षरे शोधावीत. अनेक आसवन्यांच्या माल्ट व्हिस्की एकत्र केल्या की ती ब्लेंडेड माल्ट, आणि तीत गहू किंवा मका यांसारख्या धान्यांपासून अखंड चालणाऱ्या उभ्या यंत्रात गाळलेली ग्रेन व्हिस्की मिसळली की ती ब्लेंडेड स्कॉच.

हे उभे यंत्र १८३० साली ज्याने पेटंट करून घेतले तो इनीस कॉफी आयर्लंडच्या अबकारी खात्यातील माजी अधिकारी होता. वर्षानुवर्षे बेकायदा भट्ट्यांवर धाडी घातलेल्या इसमाने अखेरीस जगातील सर्वांत कार्यक्षम भट्टी बांधावी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच्या यंत्रातून निघालेल्या मद्याला व्हिस्की म्हणावे की नाही, हा वाद शेवटी कोर्टात गेला. नोव्हेंबर १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन नगरपालिकेने दोघा दारू विक्रेत्यांवर, गिऱ्हाइकाने मागितलेल्या जिनसेऐवजी भलतीच जिन्नस दिल्याबद्दल, फिर्याद गुदरली. मॅजिस्ट्रेटने फेब्रुवारी १९०६ मध्ये विक्रेत्यांना दोषी ठरविले, अपिलात न्यायपीठाची मते समसमान पडली, आणि १९०८ साली नेमलेल्या शाही आयोगाने पुढील वर्षी असा अभिप्राय दिला की दोन्ही प्रकारच्या मद्यांस व्हिस्की हे नाव लावण्यास हरकत नाही. तेव्हा ब्लेंडेडला भेसळ म्हणणे म्हणजे निकाली निघालेला दावा शंभर वर्षांनंतर पुन्हा उकरून काढणे होय. सिंगल माल्टची ओढ तर बाजारात बरीच अलीकडची. ग्लेनफिडिक आसवनीने १९६३ साली ती स्कॉटलंडबाहेर नेटाने विकावयास घेतली, तोवर बाहेरच्या जगाला स्कॉच म्हणजे ब्लेंडच ठाऊक होती. माझे स्वतःचे मत विचाराल तर, कोरी पिण्यास आरंभ करणाऱ्याने महागड्या ब्लेंडपेक्षा मध्यम किमतीची सिंगल माल्ट घ्यावी, ती श्रेष्ठ म्हणून नव्हे, तर तिचे व्यक्तित्व ठळक असते आणि आपल्याला काय आवडते हे तिच्यावरून लवकर उमगते म्हणून.

रंगाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. गडद तांबूस म्हणजे जुनी आणि उत्तम, हा भ्रम साध्या जळक्या साखरेने पोसला आहे : स्कॉचमध्ये पाण्याखेरीज कॅरामेल रंग घालण्याची कायद्याने मुभा आहे, आणि बहुतेक देशांतील लेबलांवर त्याचा निर्देश नसतो, जर्मनीत मात्र तो करावाच लागतो, त्यामुळे जर्मन दुकानातील त्याच बाटलीवर खरी हकीकत छापलेली सापडते. जेथे रंग नैसर्गिक असतो तेथेही तो मुख्यतः पिंपाचा असतो. अमेरिकन कायद्याने बर्बनसाठी प्रत्येक वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते. एकदा वापरलेली ती पिंपे स्कॉटलंडकडे रवाना होतात आणि व्हॅनिलाचा फिकट सुगंध देतात, तर शेरी या स्पॅनिश मद्याने भिजलेली पिंपे तांबूस रंग आणि सुक्या मनुकांची गोडी देतात. ‘एक्स-बर्बन’ आणि ‘शेरी कास्क’ हे दोन शब्द खरेदीदाराला वयाच्या आकड्याहून अधिक काही सांगतात.

आता आपल्या घरचा प्रश्न. भारतात व्हिस्की म्हणून जे सर्वाधिक खपते त्यातील पुष्कळशा मालाचा पाया उसाच्या मळीपासून केलेला मद्यार्क असतो आणि त्यात माल्टचा थोडा अंश मिसळलेला असतो. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून हा माल तेथे त्या नावाने विकता येत नाही. तो सोड्याबरोबर पिण्याच्या बेतानेच घडविलेला आहे, त्याला कोरा पिऊन नावे ठेवणे अन्यायाचे. अशा बाटलीवर ४२.८ टक्के हा चमत्कारिक आकडा दिसतो. तो ब्रिटिश अमदानीतील ‘प्रूफ’ मोजणीचा अवशेष, ७५ अंश प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के मद्यार्क. कोरी प्यावयाची असेल तर ४६ टक्क्यांचा आकडा शोधावा. याहून सौम्य व्हिस्की थंड झाल्यावर गढूळते, म्हणून पुष्कळ उत्पादक ती गार करून गाळून घेतात, आणि त्या गाळण्यात थोडा स्निग्धपणाही जातो. त्याने चवीत किती अंतर पडते याविषयी जाणकारांत एकमत नाही, पण उत्पादकाने ते गाळणे टाळले असल्यास तो तसे लेबलावर अभिमानाने छापतो. अमृत आणि पॉल जॉन यांच्या नेहमीच्या सिंगल माल्ट ४६ टक्क्यांच्याच आहेत.

‘भारतात भरलेली स्कॉच खोटी’ हाही असाच एक प्रवाद. मोठ्या टाक्यांतून आयात करून येथे बाटल्यांत भरलेली ब्लेंडेड स्कॉच पूर्ण कायदेशीर स्कॉच असते. फक्त सिंगल माल्टला नोव्हेंबर २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद होण्याची सक्ती आहे. किमतीवरून दर्जा ठरविणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की परदेशी बाटलीवर दीर्घकाळ १५० टक्के आयातशुल्क होते, त्यावर राज्याचे अबकारी निराळे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात व्हिस्कीवरील अबकारी ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले तेव्हा बाटल्यांच्या किमती उतरल्या. आतील व्हिस्की होती तीच राहिली.

सर्वांत हट्टी गैरसमज शेवटी घेतो : खरा दर्दी पाण्याचा थेंबही घालीत नाही. व्हिस्कीचे मिश्रण ठरविणे हाच ज्यांचा पेशा ते लोक वास घेण्यासाठी ती पाण्याने सुमारे २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. स्वीडनच्या लिनीअस विद्यापीठातील कार्लसन आणि फ्रीडमन या दोघा संशोधकांनी २०१७ साली संगणकीय पद्धतीने असे दाखविले की धुराचा गंध देणारा ग्वायकॉल हा रेणू मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाशी जमतो, आणि ते ५९ टक्क्यांवर गेले की मद्यार्काच्या रेणूंत वेढला जाऊन आत दडतो. तीव्र व्हिस्कीत चमचाभर पाणी घातल्यावर सुगंध उमलतो, ही अनुभवाची गोष्ट त्यामुळे शास्त्राशी जुळते. बर्फाचे तसे नाही. गारव्याने गंध मावळतो आणि जीभ बधिर होते. मात्र ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा उपदेश ज्या खोल्यांत जन्मला त्या अठरा-वीस अंशांच्या होत्या. वैशाखात मुंबईच्या बत्तीस अंशांच्या दिवाणखान्यात तो अक्षरशः पाळला तर मद्यार्काची वाफच तेवढी नाकाला झोंबते. अशा दिवसांत बाटली थोडा वेळ थंड पाण्यात उभी करून ठेवण्यात कोणताही अधर्म नाही.

धुराविषयी एवढेच : आयला बेटावरील लाफ्रॉएग किंवा आर्डबेग यांचा औषधी, धुरकट वास म्हणजेच स्कॉच असे नव्हे. सातू वाळविताना पीट नावाची दलदलीतील जळाऊ माती जाळली तर तो वास येतो, आणि बहुसंख्य स्कॉटिश माल्टमध्ये तो नावापुरता असतो किंवा नसतोच. त्याच बेटावरील बुनाहाव्हेनची नेहमीची व्हिस्की जवळजवळ निर्धूर आहे.

नवी व्हिस्की अख्खी बाटली घेऊन पारखू नये. पंचविशी ओलांडलेल्या आणि परवाना बाळगणाऱ्या माणसाने, कारण १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याचा अंमल महाराष्ट्रात अजून आहे, एखाद्या बऱ्या परमिट रूममध्ये ३० मिलिलिटर मागवावी. तोंडाशी निमुळता ग्लास मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास लहान वाइन ग्लास चालतो. पहिला घोट फक्त जिभेची ओळख करून देतो, त्यावर मत बनवू नये. दुसरा सावकाश घ्यावा, मग दोन थेंब पाणी घालून तिसरा. आवडली तर बाटली आणावी आणि ती उभी ठेवावी, वाइनसारखी आडवी नव्हे, कारण तीव्र मद्यार्काने बूच कुजते. बाटली निम्म्याहून खाली उतरली की आतील हवेने सुगंध हळूहळू विरू लागतो. तेव्हा उरलेली व्हिस्की पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यापेक्षा दोन-चार महिन्यांत संपविणे बरे, नाहीतर लहान बाटलीत ओतून घट्ट बूच लावावे.