मॉन्टीची शेवटची चढाई

ब्रिटनच्या वेल्स भागातील पेन-इ-फॅन हे डोंगरशिखर ८८६ मीटर उंच आहे. दक्षिण वेल्समध्ये याहून उंच शिखर नाही. २०२१ साली त्याच्या पायवाटेवरून एक गृहस्थ एकचाकी हातगाडी ढकलत वर चढत होते. बांधकामावर माती-विटा वाहायला वापरतात, तशी ती गाडी. पण तिच्यात माती नव्हती, त्यांचा दहा वर्षांचा कुत्रा मॉन्टी पडून होता.

लॅब्रेडोर आणि पूडल यांच्या संकरातून जन्मलेल्या मॉन्टीला रक्ताचा कर्करोग झाला होता. केमोथेरपीने काही काळ गुण आला, पण आजार पुन्हा उलटला. या डोंगरावर तो पूर्वी मालकाच्या पुढे धावत गेला होता. आता पायांत त्राण उरले नव्हते, म्हणून गाडी आली. वाटेत भेटलेल्या लोकांनी चौकशी केली, मॉन्टीला थोपटले आणि कित्येकांनी ‘थोडा वेळ आम्ही ढकलू का?’ असे विचारून गाडीला हातही लावला. युधिष्ठिराचा कुत्रा अखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी चालला. मॉन्टीला मात्र अनोळखी माणसांनी शिखराकडे नेले. २१ जून २०२१ रोजी तो गेला.

अशीच एक सकाळ १२ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडमध्ये न्यूक्वे गावाजवळच्या पोर्थ किनाऱ्यावर उजाडली होती. वॉलनट नावाचा व्हिपेट जातीचा १८ वर्षांचा कुत्रा शेवटचा फेरफटका मारणार होता. मालकाने आधी निरोप दिला होता, त्यामुळे शेकडो लोक आपापले कुत्रे घेऊन थंडीत वाळूवर जमले. वॉलनटला बराचसा वेळ उचलूनच न्यावे लागले. त्याच दिवशी पशुवैद्याने इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे निरोप दिला.

हे वाचताना डोळे भरून येतात. पण एक प्रश्न टाळता येत नाही. ही सहल कोणासाठी, मुक्या जिवासाठी की आपल्या मनाच्या समाधानासाठी? वेदनेने कण्हणाऱ्या कुत्र्याला केवळ ‘एकदा समुद्र दाखवायचा’ म्हणून आणखी आठवडाभर तिष्ठत ठेवणे याला माया म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये याबाबत एक साधी मोजपट्टी सुचवली. वेदना व श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य समजायचे. घरातील प्रत्येकाने वेगवेगळे गुण देऊन पाहावेत. सर्वांत कमी गुण बहुधा तोच देतो, जो रात्री उठून त्याची घाण साफ करतो. त्याचे म्हणणे आधी ऐकावे.

बेरीज पुरेशी असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जरूर जावे. पण फार लांब नको. आपल्याकडे रेल्वेत कुत्र्याला सोबत बसवायचे तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन राखून घ्यावी लागते. एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत एकटे राहावे लागते, आणि आजारी जिवाला ते अजिबात सोसवणार नाही. त्यापेक्षा मोटारच बरी. निघायचे ते भल्या पहाटे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. म्हणून उन्हात बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही सोडू नये. जाड गोधडी, पाण्याचे भांडे, वेदनेचे औषध आणि जुनी चादर जवळ असावी. मुले लाडाने चॉकलेट पुढे करतील, ते मात्र देऊ नये. कुत्र्यांना ते विषारी असते.

आणि समुद्र, डोंगर हवाच असेही नाही. त्याच्या रोजच्या फेरीतला तो कोपरा, जिथे तो दर वेळी अडून बसायचा आणि आपण घाईने साखळी ओढायचो, तिथे त्याला उचलून न्यावे, खाली ठेवावे आणि त्याला हवा तितका वेळ हुंगू द्यावे.