टर्बो गाडी आणि पेट्रोलचा ऑक्टेन अंक

पेट्रोल पंपावर ९५, ९७ किंवा १०० हे आकडे नावात घेऊन विकले जाणारे महाग पेट्रोल आणि शेजारच्या यंत्रातले साधे पेट्रोल यांपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न टर्बो इंजिनाच्या मोटारी सर्वसाधारण कुटुंबांत आल्यापासून अधिक महत्त्वाचा झाला आहे. रांजणगावची टाटा नेक्सॉन, नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३००, चाकणच्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या महाराष्ट्रातच बनलेल्या गाड्यांनी लहान टर्बो पेट्रोल इंजिन खानदेशातील चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत आणले. या इंजिनाला कोणते पेट्रोल मानवते हे कळण्यासाठी आधी ऑक्टेन अंकाचा अर्थ समजून घ्यावा लागतो, कारण हा अंक पेट्रोलची ताकद दाखवतो असा समज सर्वत्र असला तरी तो खरा नाही.

दाब आणि उष्णता वाढत असतानाही आपोआप पेट न घेण्याची इंधनाची जी क्षमता, तिचे माप म्हणजे ऑक्टेन अंक होय. सिलिंडरमधील हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते आणि ज्योत क्रमाने सर्वत्र पसरत जाते. परंतु ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण स्वतःहून भडकले, तर दाबाच्या लाटा उसळून धातूवर हातोडी आपटल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात, आणि ते दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टनला व त्याच्या रिंगांना इजा होते. नॉकिंग रोखण्याची क्षमता मोजण्यासाठी १९२०च्या दशकात अमेरिकेत जी मोजपट्टी ठरली, तिच्यात आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य अंक दिला गेला. ९१ अंकाचे पेट्रोल म्हणजे या दोन द्रव्यांच्या ९१ आणि ९ टक्के मिश्रणाइतके नॉकिंग रोखणारे पेट्रोल. भारतात वापरला जाणारा अंक ‘रिसर्च ऑक्टेन नंबर’, संक्षेपाने ‘रॉन’, हा आहे.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, त्या टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर एक चक्र फिरते आणि त्याला जोडलेले दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाळता येत असल्याने लहान इंजिनही मोठ्या इंजिनाइतका जोर देते. मात्र दाबल्यामुळे हवा तापते, सिलिंडरमधील दाबही वाढतो आणि नॉकिंगला पोषक अशा दोन्ही गोष्टी एकदम घडतात. म्हणून टर्बो आणि सिलिंडर यांच्यामध्ये ‘इंटरकूलर’ नावाचा हवा थंड करणारा भाग बसवलेला असतो.

खानदेशाच्या हवामानाचा संबंध येतो तो नेमका येथे. बहुतेक गाड्यांतील इंटरकूलर बाहेरच्या हवेच्या मदतीने काम करतो आणि आत जाणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असताना, माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी एसी चालू ठेवून चोपड्याहून शिरपूरमार्गे सेंधव्याकडे निघाली आणि बिजासन घाट चढू लागली, तर उष्ण हवा, जड भार आणि टर्बोचा पूर्ण दाब या तिन्हींचा ताण इंधनावर पडतो. अशा वेळी नॉक सेन्सर नॉकिंगची कंपने ओळखतो आणि इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, परंतु पिकअप मंदावतो आणि अ‍ॅव्हरेज घटते. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटण्याऐवजी वेळीच खालचा गिअर टाकणे हा नॉकिंग टाळण्याचा बिनखर्चाचा उपाय आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि त्यानुसार साध्या पेट्रोलचा रॉन किमान ९१ असणे आवश्यक ठरले. त्यानंतर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल आले आणि हे चित्र बदलले, कारण ऊस, मका यांपासून तयार होणाऱ्या इथेनॉलचा रॉन १०८ च्या आसपास असतो आणि त्याचे बाष्पीभवन होताना आतली हवा थंडही होते. ई-२० पेट्रोलचा रॉन ९५ असल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, ९५ रॉनची शिफारस असलेल्या टर्बो गाडीची ऑक्टेनची गरज आता साध्या पंपावरच भागू शकते. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असल्याने अ‍ॅव्हरेज काहीसे कमी होते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व सील इथेनॉलला टिकतात की नाही हा प्रश्न ऑक्टेनपेक्षा वेगळा आहे.

निवड करताना गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आत छापलेला अंक प्रमाण मानावा. तेथे ‘किमान ९१’ असेल तर १०० अंकाच्या पेट्रोलाने जोर वाढण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण जास्त ऑक्टेनचा लाभ घेण्याची रचना इंजिनात नसेल तर ती क्षमता वापरलीच जात नाही. ९५ किंवा ९८ ची शिफारस असेल तर त्याहून कमी अंकाचे पेट्रोल नियमित वापरणे टाळावे. परदेशातील नातेवाइकांचा सल्ला ऐकताना हेही ध्यानात घ्यावे की अमेरिकेतील पंपावरचा अंक दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो आणि तेथील ८७ आपल्या ९१ ते ९२ रॉनच्या बरोबरीचा असतो. योग्य अंकाचे पेट्रोल भरूनही टकटक ऐकू येत असेल, तर अधिक महाग पेट्रोल शोधत न बसता गाडी तपासून घ्यावी, कारण दोष पेट्रोलमध्येच असेल असे नाही.