भजनाला मान, गायकाला मान?

इंदूरहून कन्नोदमार्गे खातेगावला जाणारा रस्ता पुढे नेमावरला नर्मदेशी पोहोचतो. माळव्याच्या या मुलुखात रात्र रात्र तंबुरा नि करताल यांच्या साथीवर कबीराची भजने गाणाऱ्या मंडळ्या आजही आहेत. त्यांतले पुष्कळसे गायक एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले. १९४८ साली कुमार गंधर्व प्रकृतीसाठी देवासला येऊन राहिले, येथल्या लोकगायकांचे सूर त्यांच्या कानी पडले आणि निर्गुणी भजन मैफलीत मानाने विराजमान झाले. भजनाला मान मिळाला; पण पिढ्यान्‌पिढ्या ते गळ्यात जपणाऱ्याला गावच्या ओट्यावर चार लोकांच्या शेजारी बसता येते काय?

हा प्रश्न गाण्याचा नव्हे, नागरी हक्काचा आहे. आपल्या प्रांतातल्याच महूला १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो आपल्यापुढे रोखठोक मांडला. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केले होते. ठराव कागदावर राहिला, तळ्यावर मात्र पूर्वीचाच पहारा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले नि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ आला. त्याबद्दल लोकांना मारही खावा लागला. न्यायालयातला अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

संगीताच्या रसिकांनी याला जोडून अमेरिकेतली एक हकीकत ध्यानात ठेवावी. मरियन अँडरसन ही कृष्णवर्णी गायिका युरोपभर गाजली होती. तरी १९३९ साली वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहाने केवळ वर्णासाठी तिला दार बंद केले. त्याच वर्षी ९ एप्रिल रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आभाळाखाली, सुमारे ७५ हजार श्रोत्यांसमोर ती गायिली. तिचा आवाज सर्वांना हवा होता. अडत होते ते तिला सभागृहात घेण्यापाशी. तेथे नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला.

आपल्याकडे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने १९५० सालीच अस्पृश्यता मोडीत काढली. १९५५ चा कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. सरकारनेही कलावंतांची कदर केली: प्रल्हादसिंह टिपानिया यांना २०११ साली आणि देवास जिल्ह्याचे कालूराम बामनिया यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पण पदवी एखाद्यालाच मिळते, हक्क मात्र सगळ्यांचा असतो. ज्याचे नाव वर्तमानपत्रात कधी छापून येणार नाही, अशा खेड्यातल्या साध्या भजनीबुवाचे काय, यावरच समतेची पारख होईल.

दरबारी मैफलीत कोणी कोठे बसावे हे दर्जावरून ठरे. दरबार गेले, बैठकीची ती सवय मात्र अद्याप कोठे कोठे रेंगाळते. ती मोडण्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाही. उत्सवाच्या चालकांनी या मंडळ्यांना मुख्य रंगमंचावर बोलवावे, बिदागी इतर कलावंतांसारखीच द्यावी, आणि भजन संपल्यावर त्याच पंगतीत, त्याच भांड्यातले पाणी घ्यावे. असे झाले तरच कबीर ऐकला म्हणायचा.